आबांचा डावा पाय

अक-झार गावात पुलापाशी केरिमकुलचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे सरकारी शेताच्या जमान्यातली ट्रॅक्टरची शेड, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा, आणि भिंतीला खिळे ठोकून टांगलेले पाने. पाटी नव्हती. खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून गिअरबॉक्स उतरवून परत तसाच्या तसा चढवणारा माणूस एकच आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. केरिमकुललाही ते ठाऊक होतं, आणि जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं सांगायला लागलं की हा हात वर करायचा. "थांब. तू गप्प बस, तिला बोलू दे." ती म्हणजे गाडी. मग तो आत बसायचा, इंजिन चालू करायचा, क्लच दाबायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. क्लच दाबल्याबरोबर कुरकुर सुरू झाली तर बेअरिंग गेलं. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि तरी इंजिन बंद पडलं नाही, तर प्लेट झिजली. उभ्या गाडीत रिव्हर्स करकरत पडला तर क्लच पुरता सुटत नाही, मग तेल बघ, हवा बघ, सिलिंडर बघ. एवढं करून तो जे म्हणायचा ती काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत त्याला आपलं बोलणं मागे घ्यावं लागलं नव्हतं. माणसाला याची सवय लागली की ती वाईट.

मे महिना सरत आला होता. वर खिंडीतला बर्फ फाटायला लागला होता आणि गावात सगळीकडे मेंढ्या, तंबूचे वासे, तव्या-भांड्यांची बोचकी यांचीच चर्चा होती. आठ-पंधरा दिवसांत अर्धं गाव जनावरं घेऊन वरच्या कुरणावर, जैलूवर जाणार होतं. त्या गडबडीत एका सकाळी ओरोझाकुन आबांची पिकअप शेडसमोर येऊन थांबली.

आबा त्र्याहत्तर वर्षांचे. सरकारी शेताचे ड्रायव्हर म्हणून चाळीस वर्षं ट्रक चालवलेले. शेत बुडालं, ट्रक भंगारात गेले, तेव्हा त्यांनी ही जपानहून जुनी होऊन आलेली पिकअप घेतली. स्टिअरिंग उजवीकडे, रंग कधीकाळी निळा, मागच्या फळ्या घरी ठोकलेल्या. दरवर्षी तंबू, म्हातारी असताना म्हातारी, आणि आता सून आणि नात, सगळं त्या गाडीत घालून ते जैलूवर जायचे ते सप्टेंबरात खाली यायचे. उन्हाळ्यात आबा गावात कधी राहिले नव्हते.

"सलाम आलेकुम, उस्ता." केरिमकुलला सगळं गाव उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचं.

"आलेकुम सलाम, आबा. काय म्हणते गाडी?"

"गाडी नाही, मुलगा म्हणतो." आबा उतरले. पांढरी टोपी सारखी केली. "वसंतापासून गिअर धड पडत नाही. पहिला खरखरतो, रिव्हर्स तर दगड दळल्यासारखा. परवा वर कुंपणाचे वासे टाकायला चाललो होतो, बेगिमाय शेजारी. कड्याच्या वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो, पडेचना. गाडी थांबली आणि मागे सरायला लागली. मागचं चाक डोंगराच्या दगडाला नेऊन टेकवलं म्हणून इथे उभा आहे. नाहीतर नातीसकट नदीत."

"मग?"

"मग काय! पोरगी सात वर्षांची. घरी जाऊन सगळं सांगितलंन. ते फोनवरून एर्निसला कळलं." एर्निस म्हणजे आबांचा मुलगा, शहरात नोकरीला. "तो म्हणतो, गाडी विकू या. यंदा तुम्ही खालीच राहा, तुमचा पाय आता चालत नाही. मी म्हटलं, पाय ठणठणीत आहे, गाडी आजारी आहे. तेव्हा उस्ता, तू बघ. गाडीचा दोष असेल तर दुरुस्त कर. माझा असेल तर तसं तोंडावर सांग, मी किल्ली आपणहून देऊन टाकतो. मी तर क्लच पार तळाला—"

केरिमकुलने हात वर केला. "तिला बोलू द्या, आबा."

तो आत बसला. आबांच्या घरून गाडी यायची ती अशी धुऊन-पुसून यायची की गॅरेजात आणायची लाज वाटावी. पायाखाली नुसता पत्रा, त्यालासुद्धा झाडू मारलेला. क्लचच्या डाव्या बाजूला पत्रा गंजून मूठभर भोक पडलं होतं, त्यातून खालची जमीन दिसत होती.

"हे बुजवून घ्या. थंडीत पाय गारठत असतील."

"त्याची सोय सुनेने केलीय," आबा म्हणाले. केरिमकुलने ऐकलं आणि सोडून दिलं. त्याने क्लच दाबला. पहिला पडला. रिव्हर्स पडला. लोण्यात सुरी जावी तसा दुसरा पडला. तो पुलापलीकडच्या चढापर्यंत जाऊन आला. गाडी चकार शब्द बोलली नाही.

"येतानाही एकदा कुरकुरली नाही बघ," आबा म्हणाले. "मास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखी गप्प आहे."

क्लचच्या तेलात थोडा काळसरपणा होता. केरिमकुलने तेल बदललं, हवा काढली, आणि आबांना घरी पाठवलं. चार दिवसांनी आबा परत आले. काल घराजवळच्या चढावर पुन्हा तेच, म्हणाले. आज मात्र गाडी गप्प. केरिमकुलने खालच्या सिलिंडरचे रबर बदलले. सहा दिवसांनी आबा तिसऱ्यांदा आले, आणि तेव्हा केरिमकुलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि त्याला ते सापडत नव्हतं. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, शाफ्ट सोडवला, गिअरबॉक्स खाली घेतला. दीड दिवस गेला. प्लेट निम्मी शिल्लक. प्रेशर प्लेटला डाग नाही. बेअरिंग गुळगुळीत. गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कण नाही. सगळं पुसून त्याने परत चढवलं आणि जैलूच्या अर्ध्या वाटेपर्यंत, अगदी त्या कड्याच्या वळणापर्यंत, स्वतः गाडी नेली. वळणावर मुद्दाम थांबला, तिसऱ्यातून दुसरा टाकला. पडला. दहा वेळा टाकला. दहाही वेळा पडला.

परत येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उरली. यंत्राचा दोष इतका लाजाळू नसतो.

आबा शेडबाहेरच्या बाकावर बसले होते. सोबत गावातले दोघे म्हातारे, जे रोज तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायचे. केरिमकुलने आबांना गाडीत बसवलं.

"आबा, क्लच दाबा. सोडा. दाबा. सोडा. तीस वेळा."

आबांनी दाबायला सुरुवात केली. केरिमकुल पेडलकडे बघत नव्हता, गुडघ्याकडे बघत होता. पंधरापर्यंत पाय सरळ चालला. अठराव्याला वेग मंदावला. बाविसाव्याला गुडघा लटलटायला लागला आणि आबांनी हाताने मांडी धरली. ते त्यांनीही पाहिलं. बाकावरच्या दोघांनीही पाहिलं.

आबांनी पाय काढून घेतला. "काय ते एकदा सांगून टाक."

केरिमकुलला आबा आवडायचे. लहानपणी त्यांच्याच ट्रकच्या टपावर बसून तो बटाटे काढायला जायचा. पण विचारलं तर खरं सांगायचं, हा त्याचा धंदा होता, आणि आबांनी विचारलं होतं.

"गाडीत दोष नाही, आबा."

आबांनी मान हलवली, दार ओढून घेतलं आणि गाडी हळूहळू घराकडे नेली. तेवढं वाक्य पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. आणि त्यावर कोणी शंका घेतली नाही, कारण पांढऱ्या दाढीच्या माणसाला असलं तोंडावर कोण उगाच सांगतं? खरं असल्याशिवाय कोणाची जीभ उचलेल?

त्यानंतर आबा गाडीला शिवले नाहीत. किल्ली त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला लावली आणि मुलाला फोन करून सांगितलं, तू म्हणत होतास तेच खरं. केरिमकुलला हे कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. पण आपण बरोबर होतो याचं समाधानही वाटलं, आणि खरं सांगायचं तर समाधान वाईट वाटण्यापेक्षा थोडं जास्त होतं.

रविवारी एर्निस शहरातून आला, सोबत पलीकडच्या खोऱ्यातलं गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाइकाची एकच अट होती, उस्ताने येऊन गाडी चांगली असल्याचं सांगावं. एर्निस स्वतः बोलवायला आला. केरिमकुल हात धुऊन, स्वच्छ जाकीट घालून गेला.

आबांचं घर कालव्याच्या खाली, चढाच्या पायथ्याशी होतं. पिकअप मागच्या गोठ्याच्या आडोशाला उभी होती.

"तेवढी बाहेर काढता का, उस्ता?" एर्निस कसनुसं हसला. "मला शहरात दोन पेडलच्या गाडीची सवय लागलीय. हिच्यात बसलो की पायच कुठे ठेवायचा कळत नाही." आणि तो गिऱ्हाइकाला बसवायला घरात गेला.

केरिमकुलने दार उघडलं आणि त्याचा उचललेला बूट हवेतच राहिला. पायाखाली शिर्दाक, घरगुती गालिचा, अंथरला होता. लोकर थापून केलेला, दुपदरी, दोन बोटं जाड. तपकिरीवर पांढऱ्या मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, काठाला लाल दोऱ्याची दुहेरी शिवण. गाडीच्या तळाच्या मापाने कापलेला, पेडलांच्या खालपर्यंत बरोबर बसणारा. असलं काम दुकानात मिळत नाही. कोणीतरी अख्खा हिवाळा बसून केलेलं असतं. त्यावर गॅरेजचे बूट घालून पाय द्यायचा म्हणजे पापच. केरिमकुलने बूट काढून बाहेर ठेवले आणि मोज्यांनिशी आत बसला.

इंजिन चालू केलं. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला.

करर्र.

त्याने पुन्हा दाबला. पाय खाली टेकला, पुन्हा टाकला. करर्र. पहिला टाकला. तोही खरखरला आणि क्लच दाबलेला असताना गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरली. केरिमकुल अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. त्याने खाली वाकून पाहिलं. पेडल तळाला गेलंच नव्हतं. ते लोकरीवर टेकून थांबलं होतं, मऊ, बेमालूम, अगदी तळ लागल्यासारखं. क्लच सुटतो तो पेडलच्या शेवटच्या दोन-तीन बोटांत, आणि ती बोटं शिर्दाकने खाऊन टाकली होती.

त्याने इंजिन बंद केलं. तेवढ्यात आबांची सून झमिरगुल धावत आली, हात पिठाने भरलेले.

"अगं बाई! उस्ता, थांबा, थांबा. आज काढायचंच राहिलं." तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि चटचट शिर्दाक गुंडाळायला लागली. "तुमच्याकडे गाडी यायची असली की मी आधी हा काढून ठेवते हो. तेलाचे डाग पडले की लोकरीतून जात नाहीत. आबांना त्या भोकातून वारा लागायचा, गुडघे धरायचे, म्हणून केला. नवरोजला घातला. तुम्ही बूट काढलेत? अय्या, तुम्ही कशाला काढलेत!"

नवरोज म्हणजे मार्चमध्ये. वसंतापासून, आबा म्हणाले होते. केव्हापासून, हा साधा प्रश्न केरिमकुलने विचारला नव्हता. उलट आबा सांगत होते तेव्हा त्याने हात वर केला होता. तळाला, म्हणाले होते आबा. पार तळाला.

झमिरगुल शिर्दाक काखेत घेऊन आत गेली. केरिमकुलने एकट्यानेच बसून क्लच दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चोविसाव्याला त्याचा स्वतःचा गुडघा लटलटला. तो शरमला. नुसता चुकलो असं त्याला वाटलं नाही. चांगल्या पायाच्या माणसाला आपण लंगडा ठरवून घरी पाठवलं, असं वाटलं.

आबा गोठ्यामागे बसून घोड्याचा लगाम शिवत होते. केरिमकुल त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. शिर्दाक, पेडल, दोन बोटं, चोविसावा. आबांनी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की केरिमकुलला वाटलं, आता हे उठून नाचणार. ते उठलेही. आणि दोन पावलं टाकून परत बसले.

"कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही. तुमच्या एर्निसला सांगतो, गिऱ्हाइकाला परत पाठवतो."

"सांगू नकोस."

"आबा!"

"हळू बोल. त्या पोरीने चार महिने बोटं सोलवटून घेतली त्याच्यावर. गावातल्या बाया बघायला येतात. तू उद्या सांगितलंस की काय होईल? म्हणतील, सासऱ्याला कड्यावरून ढकलत होती सून, आणि शेजारी हिचीच लेक. बायकांची तोंडं तुला माहीत नाहीत? ती या घरात आल्यापासून माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोलली नाही. तिने ते कुठे घेऊन फिरायचं?"

"मग तुम्ही खाली राहणार? गाडी जाऊ देणार?"

"लोक काय म्हणतील, आबा म्हातारा झाला. झालोच आहे. त्यात खोटं काय आहे?" आबांनी लगाम उचलला, पण दोरा सुईत जाईना. "शिर्दाक मी काहीतरी सांगून घरात अंथरायला लावीन. तू आता जा, चहा घे."

चहाला सगळे जमले. खाली अंथरलेल्या दस्तरखानावर पिठाचे तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. वरच्या अंगाला आबा, मग केरिमकुल, गिऱ्हाईक, एर्निस. दाराजवळ चहाच्या किटलीपाशी झमिरगुल, अर्धे अर्धे पेले भरून पुढे सरकवत. गिऱ्हाईक भला माणूस होता. बोरसोक खात खात त्याने विचारलं, "मग उस्ता, गाडी चांगली ना?"

"चांगली," केरिमकुल म्हणाला. "उत्तम. म्हणून विकू नये."

एर्निसने मान वळवली. "म्हणजे?"

"म्हणजे मी चुकलो. आबांच्या पायाला काही झालेलं नाही. मी जे बोललो ते मागे घेतो. या चार माणसांसमोर घेतो, उद्या पुलावर बाकावरच्या म्हाताऱ्यांसमोरही घेईन."

मग एर्निस हसला, चांगलंच हसला, वडीलधाऱ्यांच्या घरी माणसं हसतात तसं. "उस्ता, तुम्ही मोठ्या मनाचे. आबा सगळ्यांनाच आवडतात. पण तुम्हाला वाईट वाटलं म्हणून कड्याचं वळण सपाट होणार आहे का?"

"मला वाईट वाटलं म्हणून सांगत नाही. खरं म्हणून सांगतोय."

"बरोबर आहे, बरोबर आहे," गिऱ्हाईकही समजुतीने म्हणालं. "असंच म्हणायला हवं."

केरिमकुलच्या लक्षात आलं की आपला पुरता पोपट झाला आहे. वाईट बोललो ते एका दमात सगळ्यांनी मानलं. चांगलं बोलतोय तर ती नुसती अदब ठरतेय. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून या गावात रोज कितीतरी बोललं जातं, त्यातलंच एक.

"ठीक आहे," एर्निस म्हणाला. "दोष पायात नव्हता, गाडीतही नव्हता. तुम्हीच गिअरबॉक्स उतरवून बघितलात. मग होता कशात?"

केरिमकुलने आबांकडे पाहिलं. आबा पेल्यातल्या चहाकडे बघत होते. वीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच दोष कशात आहे हे ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं.

"बघा," एर्निस हळूच म्हणाला, आणि तो वाईट माणूस नव्हता. "तुम्हाला तरी सांगता येतंय का? माझी पोरगी होती हो त्या गाडीत."

झमिरगुलने किटली खाली ठेवली. ती जरा जोरात ठेवली गेली असावी, कारण सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ती केरिमकुलकडे बघत होती, मग दाराबाहेर, गोठ्याच्या दिशेने. मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. गाडी उस्ताकडे जायची तेव्हा चांगली. घरी आली की वाईट. आज उस्ता आत बसले, गाडी दोनदा करकरली, मी धावत गेले. ती उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि शिर्दाक दोन्ही हातांवर घेऊन आली. आबांकडे पाठ होऊ न देता ती दस्तरखानाच्या कडेला उभी राहिली.

"उस्ता, हा होता ना?"

आबा म्हणाले, "पोरी, चहा गार होतोय."

"आबा, थांबा." हे दोन शब्द ती एवढ्या मोठ्याने बोलली की एर्निस सरळ बसला. नऊ वर्षांत त्या घरात तिचा आवाज एवढा कधी लागला नव्हता. "उस्ता, तुम्हाला विचारतेय. पेडलच्या खाली हा होता म्हणून ना?"

माणसांशी केरिमकुल खोटं बोलला असेल, यंत्राबद्दल कधी बोलला नव्हता.

"हाच," तो म्हणाला. "दोन बोटं जाडी आहे. तेवढ्याने क्लच सुटत नाही."

झमिरगुलचा चेहरा पांढरा झाला. "माझ्याच लेकीला..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. मग आबांकडे वळली. "आणि तुम्ही रोज संध्याकाळी तो पाय चोळत बसत होता. मेंढीची चरबी गरम करून मीच आणून द्यायची. मीच म्हणायची, आबा, वय झालं की व्हायचंच. तुम्हाला ठाऊक होतं?"

"आजच कळलं."

"आणि गप्प बसणार होता?"

आबांनी डोळे पुसले, उघडपणे पुसले, लाजले नाहीत.

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत," झमिरगुल म्हणाली. "ज्याला हसायचंय त्याने मला हसावं. तुमच्या पायाला नाही."

एर्निस लालबुंद होऊन खाली बघत होता. गिऱ्हाइकाने पेला पालथा घालून आभार मानले आणि दाढीवरून हात फिरवला; त्या गाडीचा सौदा संपला होता आणि त्याला त्याचं विशेष दुःख झालेलं दिसलं नाही. आबा उठले. "किल्ली," म्हणाले. एर्निसने ती दोन्ही हातांनी दिली.

सगळे अंगणात आले. आबा गाडीत बसले. खाली उघडा पत्रा होता. रिव्हर्स पडला, कोणाला ऐकूही आला नाही. गाडी फाटकाबाहेर गेली, कालव्याच्या चढाला लागली. अर्ध्या चढावर आबांनी ती मुद्दाम थांबवली. मागचे लाल दिवे लागले, त्यातला फुटलेला सोडून. गाडी वीतभर मागे आली, थबकली, आणि पहिल्या गिअरमध्ये सरळ वर निघून गेली. कालव्यापाशी वळून आबा खाली आले आणि इंजिन चालू ठेवूनच फाटकात थांबले.

एर्निस पुढे झाला. "आबा, मी..."

"तू नंतर. तू शहरात असतोस." आबा उजव्या बाजूने सरकत, कुरकुरत डावीकडच्या सीटवर गेले आणि स्टिअरिंग मोकळं केलं. "झमिरगुल, बस."

"मी?" शिर्दाक अजून तिच्या हातातच होता. "आबा, मला कुठे येतं?"

"घोड्यावर बसायला कुठे येत होतं? ठेव ते आणि बस. यंदा वर जाताना अर्धी वाट तू न्यायचीस."

तिने शिर्दाक केरिमकुलच्या हातात दिला, कारण तोच सगळ्यांत जवळ उभा होता, आणि ओढणीचं टोक कमरेला खोचून गाडीत बसली. आबांनी तिला क्लच दाखवला, कुठे दाबायचा, किती दाबायचा. तिने दाबला. पार तळाला गेला.

"तस्सं. आता ऐक," आबा म्हणाले. "आज वाचला, पण हा पाय एक दिवस खरंच जाईल. दोन वर्षांनी जाईल, चार वर्षांनी जाईल. त्या दिवशी तू सांगायचंस. आज बोललीस तसं, तोंडावर. उस्ताला विचारायला जायचं नाही."

केरिमकुलला ते स्वच्छ ऐकू आलं. ऐकू जावं म्हणूनच म्हातारा खिडकी खाली करून बोलला होता.